आगीच्या कॉलेजची डमी

माझी नात आगीचं शिकायला सांगलीला गेली तेव्हा तिच्याबरोबर मलाही पाठवलं. म्हणजे शिकायला नव्हे, भाकरी करायला. आमच्याकडं ही पद्धतच आहे. पोरगी शहरात खोली करून राहणार म्हटलं की तिच्यासोबत एक म्हातारी द्यायची, नव्या गाडीबरोबर स्टेपनी देतात तशी. म्हातारी स्वयंपाक करते, दाराला कडी लावते आणि गावाकडं फोन करून सगळं ठीक आहे म्हणून सांगते. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या अशा नातींच्या पायी कराड, सातारा, सांगली बघून आल्यात. कुणी नर्सिंग केलं, कुणी फार्मसी केली. मी फायर केलं.

कोर्सचं नाव कागदावर लांबलचक आहे, अग्निशमन आणि सुरक्षा आणि अजून काय काय. गावात मात्र सगळे आगीचं कॉलेजच म्हणायचे. आमचे एक चुलत दीर आहेत, सकाळी डेअरीला दूध घालायचं आणि मग दिवसभर पारावर बसायचं हा त्यांचा धंदा. ते म्हणाले, "आग लावायला कॉलेज कशाला लागतंय? आमच्या भावकीत ती विद्या वाडवडलांपास्नं हाय."

पोरीच्या डोक्यात हे शिरलं त्याला कारण भावकीच. ती शाळेत असताना शेजारच्या शेतातल्या भावकीतल्या एकानं वारं सुटलेलं असताना पाचट पेटवलं. ऊस तोडून नेला की मागं वाळका पाला राहतो ते पाचट. आमच्यात सगळेच पेटवतात, आणि पेटवून घरी चहा प्यायला जातात. तर ती आग बांध ओलांडून आमच्या उभ्या उसात आली. कारखान्याचा बंब आला, दोन माणसं उतरली आणि त्यांनी तासाभरात सगळं शांत केलं. आम्ही सगळे बांधावर उभं राहून शेजाऱ्याच्या आयमायचा उद्धार करत होतो. ही पोरगी मात्र त्या बंबाच्या मागं मागं, पाईप कुठनं निघतो, पाणी कुठनं सुटतं ते बघत. घरी आली ती काळ्या तोंडानं, आणि म्हणाली, "मला ह्ये काम करायचंय." तिच्या आईनं तिला न्हाणीत ढकललं. वाटलं, काजळी धुतल्यावर जाईल. गेलं नाही.

बारावी झाल्यावर तिनं परत तेच काढलं. माझा थोरला, म्हणजे तिचा बाप, फौजेतनं सुभेदार होऊन आलेला. घरात तो बोलतो ते बोलणं नसतं, ऑर्डर असते. त्याच सुमाराला फलटणचं एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात कंपनीत, घरचा ऊस, पत्रिका जुळलेली. मुलाकडचे म्हणाले, आम्ही थांबतो वर्षभर, घाई नाही. सुभेदारानं पोरीला पुढ्यात उभं केलं आणि ऑर्डर काढली, "एक वरीस देतो. पास झालीस तर पुढं कुटं भरती व्हायचं ती हो, मी आडवा येणार न्हाई. नापास झालीस तर फलटण."

पोरगी म्हणाली, "चालंल."

मी म्हणाले, "फलटण काय काळं पाणी हाय का, नापास झाल्यावर धाडायला?" पण माझं कोण ऐकतंय.

सांगलीत आमची खोली मार्केट यार्डाच्या मागल्या बाजूला होती. हळदीचा वास अंथरुणापर्यंत. पोरगी सकाळी परेडला जायची, दुपारी वर्गात, आणि संध्याकाळी मोठ्यानं वाचत बसायची. मी भाकरी थापत ऐकायची. माझी शाळा चौथीला सुटलेली, पुढचं जे काय वाचन ते वाण्याच्या पुडीच्या कागदावर झालेलं, त्यामुळं कुणी मोठ्यानं वाचतंय म्हटलं की माझा कान आपोआप तिकडं जातो. आगीचे वर्ग असतात हे मला तिथं कळलं. लाकूड, कागद, कापड पेटलं तर ए. तेल, पेट्रोल पेटलं तर बी. गॅसची सी, धातूची डी. तळणाच्या तेलाचा तर वेगळाच वर्ग. आम्ही आपलं जन्मभर सगळ्या आगीवर पाणीच ओतत आलो, जातपात न बघता.

वर्ग शिकली आणि पोरीनं माझ्या स्वयंपाकघराची तपासणी सुरू केली. गॅसच्या मागचा पडदा काढला. रॉकेलची बाटली माळ्यावर चढवली. मग देव्हाऱ्यापाशी आली.

"आजी, समईच्या वर कॅलेंडर लावलंयस."

"त्यो देवच हाय कॅलेंडरवरचा."

"आसू दे. पेटतो."

तिनं कॅलेंडर दुसऱ्या भिंतीला लावलं आणि समई वाळू भरलेल्या ताटात उभी केली. मी देवाला म्हणाले, बाबा, आता तुझंबी इन्स्पेक्शन झालं. देव काही बोलला नाही. एरवीही बोलत नाही.

थिअरीत पोरगी हुशार होती, तिथं काळजी नव्हती. अडलं ते पावण्यापाशी.

पावणा म्हणजे कॉलेजातला पुतळा. कॅनव्हासचा, आत वाळू भरलेली, अंगात जुना युनिफॉर्म. खरं नाव डमी, पण पोरं त्याला पावणा म्हणायची, कारण तो सुस्त पडून राहायचा आणि सगळ्यांनी त्याला उचलायचं. परीक्षेला हा पावणा जमिनीवरनं उचलून खांद्यावर आडवा घ्यायचा, मैदानाच्या टोकाला ठेवलेल्या ड्रमला वळसा घालायचा आणि शिट्टी वाजायच्या आत परत आणून ठेवायचा. ते जमलं नाही तर बाकी सगळ्यात पहिला नंबर आला तरी नापास. आमची पोरगी अंगानं वेताच्या छडीसारखी. पहिल्या सरावाला तिनं पावणा उचलला आणि चार पावलांवर पालथी पडली, वरनं पावणा. वर्गातली पोरं आठवडाभर म्हणत होती, पावण्यानं सून पसंत केली.

ती रडली नाही. जेवली नाही फक्त. मी दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्तानं तिच्या सरांना गाठलं. आयुष्यभर बंबावर काढलेला माणूस, हडकुळा, मिशा मात्र दोन माणसांच्या.

"सर, पोरीला जमंल का?"

"ताकद आहे हो आजी तिच्यात. पोत्यासारखं उचलते, तिथं चुकतं. पोतं कडक असतं. बेशुद्ध माणूस ढिला असतो, चारी बाजूंनी निसटतो. घरी कुणी असेल तर त्याच्यावर सराव करू द्या."

घरी कोण असणार? मी.

पावण्याइतकं माझं वजन भरतं का बघायला आम्ही हळदीच्या अडत्याकडं गेलो. हमालानं मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "आजी, पोत्याला पोतं हाय. वर चिमूटभर." मला बरं वाटलं. म्हातारपणी माणसाचा काही उपयोग होत असेल तर तो पोत्याइतका तरी व्हावा.

आता अडचण आली ती कपड्याची. खांद्यावर घेताना उचलणाऱ्याचा एक हात पडलेल्याच्या पायांमधनं जातो. सहावारीत ते जमेना, पोरगी गुंतायची. मालक गेल्यानंतर मी सहावारी धरली होती, ती सोडून परत ट्रंकेतलं नऊवारी लुगडं काढलं आणि कासोटा घातला. आमच्या सासूबाईंनी मला शेतात भराभर चालता यावं म्हणून लुगडं नेसायला शिकवलं होतं. बेशुद्ध पडायला ते इतकं सोयीचं असेल हे त्यांनाही माहीत नसणार.

गच्चीवर सराव सुरू झाला. पण मालकीणबाईंनी दोन दिवसांत वर येऊन हात जोडले. त्यांच्या छतातनं धपाधप आवाज येत होता, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी त्यांना फोन करून विचारलं होतं की तुमच्या भाडेकरूंमध्ये म्हातारीला मारतात का. मग दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही गावी आलो. परीक्षा सुट्टीनंतर लगेच होती. पोरगी म्हणाली, आता पाणंदीनंच करू.

पाणंद म्हणजे आमच्या विहिरीवरनं घराकडं येणारा रस्ता. दोन्ही बाजूला ऊस. सकाळी विहिरीवर जायचं, मी मोटारीच्या खोलीसमोर मरून पडायचं, पोरीनं उचलायचं आणि जितकं जमेल तितकं घराकडं यायचं. पहिल्या दिवशी चिंचेपर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी तिच्या पुढं, पण मी मध्येच धुणं घेऊन चाललेल्या शेजारणीला हाक मारली आणि पोरीचा तोल गेला. दोघी उसात.

"आजी, बेशुद्ध माणूस हाका मारतंय का?"

"आगं, ती म्हणंल म्हातारीनं वळखबी न्हाई दाखवली."

"काय झालं तरी बोलायचं न्हाई. डोळं उघडायचं न्हाई. हात सोडून द्यायचं."

मी कबूल केलं. आणि तिसऱ्या दिवशी अशी बेशुद्ध झाले की काय सांगू. डोकं खाली, हात लोंबते, वेणी पाठीवरनं निसटून जमिनीकडं. आमची पाणंद इतक्या जवळनं मी कधीच बघितली नव्हती, आणि डोळे मिटलेले असल्यामुळं तेव्हाही बघितली नाही. नुसता वास घेतला. पोरगी चिंचेच्या पुढं आली, ओढ्याच्या पुढं आली. तिचा श्वास भात्यासारखा चाललेला. तेवढ्यात समोरनं मोटरसायकल आली आणि किटल्यांचा खणखणाट थांबला. चुलत दीर. डेअरीला निघालेले.

"आगं, काय झालं? वैनीला काय झालं?"

पोरीला बोलायला दम कुठला. तिनं नुसती मान हलवली. तिचं म्हणणं होतं, काही नाही, मला बोलायला लावू नका. दिरांनी आपल्या पद्धतीनं अर्थ लावला. "आरारारा," एवढंच मला ऐकू आलं, आणि मग मोटरसायकल वळल्याचा आवाज. मी शब्दाला जागले. बेशुद्धच राहिले.

त्या दिवशी पहिल्यांदा ती मला खाली न टेकवता थेट ओसरीवर घेऊन आली. मला इतका आनंद झाला की दिरांचं डोक्यातनंच गेलं. सुनेनं चहा टाकला. पोरगी विहिरीवर राहिलेला टॉवेल आणायला परत गेली. मी बशीत ओतून पहिला घोट घेते तोवर देवळाचा भोंगा सुरू झाला. कळविण्यास अत्यंत दुःख होते की.

"कोण गेलं गं?" मी सुनेला विचारलं.

"थांबा, नाव येतंय," ती म्हणाली आणि कान देऊन उभी राहिली.

नाव आलं नाही. सुभेदारांच्या मातोश्री असं आलं. सून माझ्याकडं बघायला लागली, मी सुनेकडं. गावात सुभेदार एकच.

"तुम्हीच की," ती म्हणाली.

पुढचा अर्धा तास मी जसा जगले तसा कुणाच्या वाट्याला आला नसेल. गिरणी बंद झाली. आमच्यात कुणी गेलं की प्रत्येक घरातनं गवऱ्या द्यायच्या असतात, तर गवऱ्यांची ट्रॉली आमच्या दारात येऊन उभी राहिली. बायका पदर तोंडाला लावून दारातनं आत येत आणि मला चहा पिताना बघून पदर तसाच धरून उभ्या राहत. कारण आता हसायचं का रडायचं, ते कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. एक म्हातारी मला चिमटा काढून गेली.

सुनेच्या मोबाइलवर गावाच्या ग्रुपवर मी आलेच होते. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो पुतण्याच्या लग्नातला, तोंडात जिलबी असलेला, जिलबी तेवढी कापून काढलेली. खाली लिहिलं होतं, अल्पशा आजाराने दुःखद निधन. आमच्याकडं कुणीही गेलं तरी अल्पशा आजारानंच जातं, विहिरीत पडलेलंसुद्धा. पुढं होतं, धार्मिक आणि मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. सुनेनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "मनमिळाऊ कुठनं काढलं काकांनी?" रक्षाविसर्जनाची वेळसुद्धा टाकली होती. दिरांचं काम आयुष्यात पहिल्यांदा वेळेत झालं होतं.

पोरगी टॉवेल घेऊन आली ती गर्दी बघून गांगरली. मी तिला जवळ बोलावून विचारलं, "ए, ह्या गवऱ्या आन मी, आमची आग कुठल्या वर्गातली धरायची?"

"ए," ती म्हणाली. तिला रडू येत होतं.

"बग. चौथीपतूर ब तुकडीत हुते. शेवटाला अ तुकडी मिळायची म्हण की."

ती हसली, पण तेवढ्यात तिचा बाप आला. तो कोरेगावला ट्रॅक्टरचा पार्ट आणायला गेला होता, तिथं त्याला बातमी लागली. मोटरसायकल तशीच आडवी टाकून तो दारातनं आला. सीमेवर हिवाळे काढलेला माणूस, तोंड सगळं ओलं, टोपी कुठंतरी पडलेली. मला बघून तो थांबला. मग उंबऱ्यावरच बसला. मी बशी पुढं केली. त्यानं निम्मा चहा प्यायला आणि मग त्याला राग आला. एवढ्या लोकांसमोर रडत आलेल्या माणसाला दुसरं काय येणार?

"ह्यो काय तमाशा?"

दीर मागनं आलेच होते. त्यांनी आपली बाजू मांडली. "मला काय सपान पडलंय? ही पळतीया, वैनी लोंबत्यात. मला वाटलं दवाखान्यात न्ह्यायला निघाली आन वाटंतच खेळ संपला. इचारलं तर मान हालवती."

"आन तू का बोलली न्हाईस?" पोरगा माझ्यावर आला.

"मी बेशुद्ध हुते."

पोरगी पुढं आली. "आप्पा, मी आजीला उचललं. दुसरं काय केलं?"

"उचलायचं तर गावाला सांगून उचलायचं. बास झालं. कॉलेज बंद. परीक्षेला जायचं न्हाई."

झालं. ज्याच्यासाठी लुगडं नेसले, मेले, भोंग्यावर आले, तेच गेलं. पोरगी ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली, घामानं टी-शर्ट अंगाला चिकटलेला. मी म्हणाले, "आरं, परीक्षा आठ दिवसांवर आली," तर तो म्हणाला, "तू तर बोलूच नगंस, तू मेलीयास."

दिरांनी ग्रुपवर चूक दुरुस्त केली, वैनी सुखरूप आहेत म्हणून टाकलं. पण निधनाची बातमी माणसं पुढं पाठवतात, जिवंत असल्याची कोण पाठवतो? लोणंदहून माझी लेक आली, रस्ताभर रडून घसा बसलेला. मला बघितल्यावर गळ्यात पडली आणि मग चिडली. "एवढी रडले मी. आता खरंच गेलीस तर मला रडू यायचं न्हाई." आणि दुपारी दारात पांढरी गाडी थांबली. फलटणचे पाहुणे. मातीला आलेले. नवरा-बायको दोघं, हातात शेवंतीचा हा एवढा हार.

मी उठून गेले. दुसरं कोण जाणार, सगळ्यांच्या तोंडाला कुलपं. म्हणाले, "या, बसा. माझ्यासाठीच आणलाय न्हवं, द्या हिकडं. वाया कशाला घालवायचा." हार घेतला आणि गळ्यात घातला. फुलं ताजी होती.

बाई आधी किंचाळली, मग तिला सगळं सांगितल्यावर ती जी हसायला लागली ती थांबेना. तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. खांबाला टेकलेल्या पोरीकडं बघून म्हणाली, "खरंच उचलतीस? मला उचलशील?" पोरगी म्हणाली, "तुमाला उचलायला दोघी लागतील." बाई परत हसली.

नवरा हसला नाही. तो सुभेदाराला म्हणाला, "आवं पावणं, आमच्यात आसली चेष्टा चालत न्हाई. आन सून माणसं उचलत फिरणार म्हणजे काय, उद्या आमास्नीबी उचलंल." ते चहा न घेता गेले. बाई जाताना मागं वळून हारातल्या माझ्याकडं बघत होती, तोंडावर पदर. दोन दिवसांनी फोन आला. पत्रिका जुळत नाही म्हणाले. वर्षापूर्वी जुळलेली पत्रिका, मध्ये ग्रहांनी कुणाकुणाला उचललं कुणास ठाऊक.

सुभेदार दोन दिवस जेवायला बसायचा आणि उठायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी अंगण झाडत होती. हा खुर्चीवर बसून तिच्याकडं बघत होता. मग म्हणाला, "फलटण गेलं."

"व्हय," पोरगी म्हणाली.

"आन परीक्षाबी गेली तर हातात काय ऱ्हातंय? दोनी घरचं गेलेलं चालायचं न्हाई. पास व्हावं लागंल."

पोरीनं झाडू खाली ठेवला. मी आतनं लुगड्याचा पदर खोचत बाहेर आले, तर त्यानं मला हात दाखवून थांबवलं.

"तू ऱ्हाऊ दे. तू मदत करतीस."

"मी कसली मदत करतीया, मी बेशुद्ध असते."

"तू उचलताना अंग वर घेतीस. मी बघितलंय." म्हणजे हा आधी कधीतरी उसाआडनं बघत होता.

तो स्वतः अंगणात आडवा झाला. माझ्या दीडपट माणूस. फौजेत त्यानं एकाला असं बर्फातनं आणलं होतं, कोण होता, वाचला का, हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही, त्याही दिवशी नाही. नुसतं सांगितलं कसं आणायचं ते. "कंबरेनं उचलतीस म्हणून पडतीस. गुडघ्यात बस. वजन दोनी खांद्यावर येऊ दे, मग पायानं उठ. पायात ताकद हाय, कंबरेत न्हाई." पोरगी बसली, उठली, तीन पावलं टाकली आणि दोघं शेणाच्या ढिगाशेजारी. दीर पारावरनं उठून बघायला आले होते. सुभेदार पडल्या पडल्या त्यांना म्हणाला, "काका, मोबाइल खिशात ठिवा."

परीक्षेपर्यंत रोज हेच चाललं. शेवटी शेवटी ती त्याला गोठ्यापर्यंत न्यायला लागली. मी ओसरीवर बसून मेथी निवडायची. मला थोडं वाईटच वाटलं, माझी नोकरी गेल्यासारखं.

परीक्षेला आम्ही तिघं सांगलीला गेलो. सुभेदारानं बूट पॉलिश केलेले, जशी काही त्याचीच भरती. मैदानाला दोरी लावली होती आणि घरच्यांनी दोरीच्या अलीकडं बसायचं होतं. प्रत्येकाला दोन संधी. आमच्या पोरीचा नंबर मधला. ती गेली, वाकली, पावण्याला खांद्यावर घेतलं. इथपर्यंत बरं. पण हिला घाई झाली. ड्रमपाशी पळत वळायला गेली आणि पावण्याचे पाय एकीकडं, डोकं एकीकडं. ती गुडघ्यावर आली, पावणा मातीत.

सुभेदार दोरीपाशी उभा राहून ओरडला, "पळायचं न्हाई. पाय रोव, आन मग वळ."

सरांनी मिशांवरनं त्याच्याकडं बघितलं. "सुभेदार, गेटच्या बाहेर."

मला वाटलं आता भांडण होणार. पण ऑर्डर ती ऑर्डर. याचे पाय आपोआप जुळले, वळला आणि गेटच्या बाहेर गेला. गेट पत्र्याचं, भिंत त्याच्या डोक्याच्या वर. आतलं काही दिसायची सोय नाही. दुसरी संधी झाली आणि मी बाहेर गेले, तर हा भिंतीला कान लावून उभा.

"उचलला का?"

"उचलला."

"गुडघ्यात बसली का?"

"बसली. मग उठली."

"मग?"

"मग चालली."

"आई, नीट सांग. पाऊल कसं टाकत हुती?"

"मी पावलं कशाला बघू? मी तोंड बघत हुते. ओठ दाबून धरलं हुतं तिनं, तू शाळंत गणितं करताना धरायचास तसं."

"ड्रमपाशी?"

"ड्रमपाशी थांबली. मला वाटलं पडतीया. पावणा जरा डावीकडं घसरला. तर तिनं त्याला खांद्यानं वर ढकलला, कडंवरचं पोर ढकलतो तसा, आन मग वळली. पळाली न्हाई."

"शिट्टीच्या आत आली?"

"आली. आन टाकला न्हाई त्याला. ठिवला. डोक्याखाली हात धरून."

"सर काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात. कागदावर टिक केली आन म्हणाले, पुढची."

"म्हंजे पास?"

"पास."

तो मग म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं. ड्रमपाशी आले की तो मला थांबवायचा आणि तिथलं दोनदा विचारायचा. तिसऱ्यांदा सांगत होते तेवढ्यात पोरगी गेटातनं आली, कपाळाला माती, गुडघा फुटलेला. बापानं तिच्याकडं वर-खाली बघितलं.

"वळताना डावीकडं का झुकलीस?"

"कोण म्हणालं? पावणा उजवीकडं गेला हुता."

"आई म्हणती डावीकडं."

दोघं माझ्याकडं बघायला लागले.

"मी समोरनं बघत हुते," मी म्हणाले. "तिचं उजवं ते माझं डावं."

"मग तसं सांगायचं न्हाई व्हय," पोरगा म्हणाला. "मी हितं उगंच काळजी करत बसलो. डावा खांदा कच्चा हाय तिचा."

"कच्चा न्हाई," पोरगी म्हणाली.

"हाय. आंगणात बघितलाय मी."

"आंगणात तुमी एका बाजूला जड हुता, आप्पा."

एस.टी. स्टँडपर्यंत त्यांचं मिटलं नाही.